तुरीच्या फुलावरची एकटी माशी : ओळख कशी करून घ्यावी

मधमाशी म्हटले की डोळ्यांसमोर पोळे येते. आग्या, सातेरी, फुलोरी ही नावे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण जगात नोंदलेल्या मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जातींपैकी बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळे नाही. मादी स्वतःच घर करते, परागाची शिदोरी भरते, त्यावर अंडे घालते आणि दार लिंपून निघून जाते.

आमची ओळख चुकीतूनच झाली. चिटगुप्प्यातल्या आमच्या घराच्या मागच्या मातीच्या भिंतीला बारीक छिद्रे पडली होती. कीड लागली समजून आम्ही ती सिमेंटने बुजवली. दुसऱ्या दिवशी निळ्या पट्ट्यांची एक माशी त्याच जागेपुढे घिरट्या घालताना दिसली. आत तिची पिल्ले होती, हे आम्हाला पुढे कळले. तेव्हापासून आम्ही दोघे वही घेऊन माश्या पाहू लागलो.

बँकेत सही पडताळताना आम्ही आधी एकूण वळण पाहत असू, मग एकेक अक्षर. इथेही तसेच करावे. पहिला प्रश्न : ही मधमाशी आहे का? साध्या माशीला दोन पंख, मोठे डोळे आणि आखूड मिशा असतात. मधमाशीला पंख चार. गांधीलमाशीलाही चार पंख असतात, पण तिची कंबर बारीक आणि अंग बहुधा गुळगुळीत. मधमाशी बहुधा केसाळ. दुसरा प्रश्न : पराग कुठे भरला आहे, पायांवर की पोटाखाली? तिसरा : घर कुठे आहे, मातीत, लाकडात की पोकळ काडीत?

सुरुवातीला तीनच ओळखी पुरे.

भुंगा : मोठा, काळा, पाठ चकचकीत. वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत गोल भोक पाडतो. आपले कन्नड शेजारी त्याला दुंबी म्हणतात.

निळ्या पट्ट्यांची माशी : पोटावर निळसर पट्टे, आवाज तीव्र. वांगी-टोमॅटोचे फूल घट्ट धरून अंग थरथरवते, तेव्हा पराग बाहेर पडतो. संध्याकाळी नर जबड्याने काडी धरून लोंबकळत झोपतात.

पानकापी माशी : गुलाबाच्या पानाच्या कडेला सुबक अर्धगोल कापलेला दिसला तर समजावे, हिचे काम. त्या तुकड्यांचे ती घरात अस्तर करते. पराग पोटाखाली वाहते.

या पानकापीच्या कुळाचे आणि आपल्या तुरीचे जुने नाते आहे. तुरीच्या फुलात पराग खालच्या मिटलेल्या पाकळ्यांत असतात. जड माशी बसली की त्या पाकळ्या दबतात आणि पराग तिच्या पोटाला लागतात. तुरीला स्वतःच्या परागानेही शेंग धरते, पण संकरित बियाण्याचे तसे नाही. हुमनाबादहून हैदराबादला जाताना पटांचेरू लागते. तिथल्या इक्रिसॅट संस्थेच्या आयसीपीएच २६७१ या वाणाचे बियाणे तयार करताना मादी ओळीतल्या फुलांत कामाचे पराग नसतात; शेजारच्या ओळीतून ते माश्याच आणून देतात.

फोटो काढताना एक वरून, एक बाजूने आणि एक चेहऱ्याचा घ्यावा. तारीख, वेळ, फूल आणि जागा लिहावी. आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर टाकल्यास जाणकार मदत करतात. नेमकी जात ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून वहीत 'पानकापी, जात माहीत नाही' असे लिहिणे हीच खरी नोंद. अंदाजाने भरलेला आकडा खतावणीत चालत नाही, तसा इथेही चालत नाही.

या माश्या उगाच अंगावर येत नाहीत. नराला तर नांगीच नसते. त्यांना आपल्याकडून फार काही नको. थोडी उघडी माती, एखादी जुनी भिंत, आणि एक टोक बंद असलेल्या बांबूच्या नळ्या सावलीत, पावसापासून दूर बांधलेल्या. तूर फुलात असताना फवारणी टाळता आली नाही, तर निदान माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी.

आम्ही बुजवलेल्या भिंतीशेजारचा एक पट्टा आता तसाच ठेवला आहे. यंदा तिथे नवी चार छिद्रे दिसली. आपल्या घराच्या भिंतीला अशी छिद्रे दिसली, तर सिमेंट कालवण्याआधी दहा मिनिटे समोर बसून पाहा.