नोहाची नौका सापडली? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

भोर : 'महाप्रलयातली नौका तुर्कस्तानात सापडली' असे व्हिडिओ मोबाईलवर अधूनमधून येतात. गोष्ट फार जुनी. बायबलमध्ये ही नौका नोहाची, आपल्या शतपथ ब्राह्मणात मनूची.

व्हिडिओत दिसतो तो अरारात डोंगराजवळचा नावेच्या आकाराचा उंचवटा. १९५९ साली विमानातून घेतलेल्या फोटोत तो दिसला. भूगर्भतज्ज्ञ सांगतात, तो निसर्गानंच घडवलाय. त्याआधी १९५५ साली अरारातवरून आणलेलं लाकूड कार्बन तपासणीत जेमतेम १,२०० ते १,४०० वर्षं जुनं निघालं.

आपल्या भाटघर धरणात बुडालेलं कांबरेश्वर मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं, दगडाला हात लावून बघता येतं. नौकेचा तसा पुरावा अजून नाही. श्रद्धा जरूर ठेवा, पण 'सापडली' म्हणून पुढं पाठवू नका.