पुढचा दाणा काय करील?

छत्रपती संभाजीनगरला जाधववाडीच्या बाजार समितीत धान्याचं पोतं रितं होताना जरा थांबून पाहा. ढीग चढत जातो आणि मग घसरू लागतो. कधी चार दाणे घरंगळतात, कधी अख्खी बाजू खाली येते. भूकंपही असेच कधी लहान, कधी मोठे येतात; मग ढीग भूकंपासारखा वागतो का? १९८७ मध्ये पेर बाक, चाओ टांग आणि कर्ट विझेनफेल्ड यांनी यासाठी एक साधा खेळ मांडला.

चौकटींचा पट घ्या. कुठल्याही घरात एकेक दाणा टाकत राहा. एका घरात चार दाणे झाले, की ते चारही बाजूंना एकेक देऊन टाकतं. काठावरचे दाणे पटाबाहेर पडतात. शेजाऱ्याकडे चार झाले, की तोही कोसळतो. नियम एवढाच! तरी पट आपोआप अशा टोकाला पोचतो, की पुढच्या एका दाण्याने काहीच होणार नाही किंवा सगळा पट हलेल.

या गोंधळात अचूक गणित सापडलं ते मुंबईत. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढला १९५१ मध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर अलाहाबाद, आयआयटी कानपूर आणि कॅल्टेक असा प्रवास करून १९७८ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं, की एकदम अनेक घरं भरली तर आधी कुठलंही कोसळू द्या, शेवटची मांडणी तीच येते!

त्यातून मोजदाद शक्य झाली. दोन बाय दोनच्या पटावर २५६ स्थिर मांडण्या, म्हणजे कुठल्याही घरात चार दाणे नसलेल्या, असू शकतात. दाणे पडत राहिले, की त्यांतल्या १९२च पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येकीची शक्यता सारखीच. शेजारची दोन घरं एकदम रिकामी कधीच दिसत नाहीत, कारण रितं होणारं घर शेजाऱ्याला दाणा देतंच.

खरा ढीग मात्र दाण्याचा आकारही पाहतो. १९९६ मध्ये ओस्लोच्या प्रयोगात लांब तांदळाच्या ढिगाने असं आपोआप टोकाला पोचणं दाखवलं, गोलसर दाण्याने नाही.

पुढे पुण्याच्या आयसरमध्ये गेलेल्या धर यांना २०२२ मध्ये सांख्यिकीय भौतिकीतलं बोल्ट्झमन पदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं मोजदादीचं सूत्र कितीही मोठ्या पटाला लागू पडतं. तीन बाय तीनच्या पटावर २,६२,१४४ पैकी नेमक्या १,००,३५२ मांडण्या टिकतात, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पुढचा दाणा कुठे पडेल हे ठाऊक नसतानाही इतकं नेमकं सांगता येतं!