कुलूप चोरासाठी, कडी घरच्यांसाठी



कापूस वेचून घरात आला, तुरी झोडून झाल्या, हरभऱ्याची पोती ओसरीवर लागली, की वर्षभराच्या कष्टाचा सारा ऐवज आपल्या छपराखाली येऊन बसतो. अशा वेळी चोराची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मग आठवड्याच्या बाजारातून मोठे कुलूप येते, लोखंडी दार बसते, त्यापुढे जाळीचे सरकते दार लागते, खिडक्यांना जाड गज बसतात. हे सर्व करावे. परंतु दार लावताना आपण एवढेच पाहतो, की बाहेरचा आत येऊ नये. आतला माणूस वेळप्रसंगी बाहेर कसा निघेल, हे कोणी पाहत नाही. ज्या घराचा आपण एवढा बंदोबस्त केला, त्याच घरात चूल आहे, गॅस आहे, जुनी वायर आहे आणि खोलीभर कापूसही आहे.

कापसाचा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको. ढिगात ठिणगी पडली तर ती लगेच दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि घर झोपी गेल्यावर केव्हातरी पेट घेते. भाव वाढेल या आशेने कापूस घरात ठेवावा लागतो, हे मला ठाऊक आहे. निदान तो झोपायच्या खोलीत नको, आणि परसदाराला टेकून तर मुळीच नको. गावोगावी फिरताना हे मी वरचेवर पाहतो. पुढच्या दाराला भारी कुलूप आणि मागचे दार पोत्यांच्या थप्पीमागे. म्हणजे दोन दारांचे घर सुगीत एका दाराचे होते.

घराला आग लागली, की माणूस बहुधा भाजण्याआधी धुराने गुदमरतो. गाढ झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल, या भरवशावर राहू नये. जाग आलीच, तर हाती दोन-चार मिनिटे असतात, कधी तेवढीही नसतात. डोळे झोंबत आहेत, वीज गेली आहे, लेकरे रडत आहेत. अशा वेळी उशीखालची किल्ली शोधा, ती कुलपाच्या भोकात नेमकी घाला आणि फिरवा, हे होत नाही. बंब तालुक्याहून यायचा असतो. तोवर जे करायचे ते घरातल्यांनाच.

२०१९ च्या मे महिन्यात पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते आणि दार बाहेरून कुलूपबंद होते. पाचही जण दगावले. माल सांभाळण्यासाठी लावलेल्या कुलपाने माणसे अडकवली. ‘ते दुकान होते, आपले घर आहे,’ असे कोणी म्हणेल. पण खुरपणीच्या दिवसांत आपण काय करतो ते आठवा. अंथरुणाला खिळलेली आजी आणि दोन लहान लेकरे घरात, आणि आईबाप बाहेरून कुलूप लावून शिवारात. मूल विहिरीकडे जाऊ नये, म्हातारी भरकटू नये, हा हेतू चांगलाच असतो. तरीही मी सांगेन, की हे करू नका. जावेला सांगा, शेजारच्या काकूंना सांगा, अंगणवाडीत ठेवा, नाहीतर बांधावरच्या झाडाखाली झोळी बांधा. अगदीच इलाज नसेल, तर किल्ली कमरेला लावून शेतावर नेऊ नका, शेजारी द्या, आणि आत कोण आहे हेही सांगून जा. चुलीत विस्तव ठेवून मात्र अशा घराचे दार कधीच ओढून घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. घरात कोणी नसताना दाराला कुलूप हवे, आणि घरात माणसे असताना किल्लीची गरजच पडता कामा नये. या दोन वेळांसाठी दोन वेगळ्या वस्तू लागतात.

बाहेर जाताना लावायचे कुलूप चांगल्यातले घ्या. आतल्या पट्ट्या, ज्यांना लिव्हर म्हणतात, त्या जितक्या जास्त तितके ते दुसऱ्या किल्लीने उघडणे अवघड. पण चोर कुलपाशी खटपट करीत बसत नाही, तो पहार घालून कोयंडाच उपटतो. शेकड्यांचे कुलूप आणि दोन आखूड स्क्रूंवर लोंबणारा कोयंडा, ही गंमत घरोघर दिसते. कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवा, आतून वायसर घालून नट आवळा. चौकट वाळवीने पोकळ झाली असेल, तर आधी ती बदला.

रात्री आतून लावायला कडी किंवा आडवा बोल्ट असावा. जुन्या घरांतला लाकडी अडसर या कामी उत्तम होता. धडक सोसायचा आणि हाताने उचलला की दार मोकळे. आता तो कोठे कोठेच राहिला आहे. लोखंडी करून घ्यायचा असेल, तर घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला उचलेल एवढाच जड करा. बोल्ट कमरेच्या उंचीवर बसवा. दाराच्या माथ्यावरची कडी धट्ट्याकट्ट्या गड्याला सोपी, पण आठ वर्षांच्या मुलीचा हात तेथे पोचत नाही.

अलीकडे दारातच बसवायची कुलपे मिळतात. त्यांतली काही आतूनही किल्लीनेच उघडतात. दुकानदार ती जास्त सुरक्षित म्हणून देतो. राहत्या घराला ती घेऊ नका. आतून मूठ फिरवली की उघडणारे मागा आणि दुकानातच उघडून पाहा. जाळीच्या सरकत्या दाराला रात्री आतून टाळे लावायची रीत पडली आहे, तेथे टाळ्याऐवजी सरकपट्टी लावून घ्या. बाहेरून हात घालून ती निघू नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पेटी जोडता येते. वेल्डिंगवाल्याचे हे तासाभराचे काम आहे. काही कारणाने टाळेच लागत असेल, तर किल्ली आतल्या भिंतीवर ठरलेल्या खिळ्याला, बॅटरीशेजारी टांगा. तो खिळा खिडकीपासून लांब हवा, कारण काठीला आकडा लावून किल्ली ओढणारे महाभाग आहेत.

खिडक्यांचे गज काढा असे मी म्हणणार नाही. झोपायच्या खोलीतली एक जाळी मात्र बिजागरीवर उघडणारी, आतून बोल्टाची करून घ्या. माळवदाच्या घरांत तर याची फार गरज आहे. तेथे खिडक्या मुळात थोड्या, आणि छतातल्या सवण्यातून माणूस निघत नाही.

चोर कधी कधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग आपले काम करतात. यावर बिनखर्चाचा उपाय आहे. रात्री बाहेरचे कुलूप रिकाम्या कोयंड्यातच लावून टाका, म्हणजे त्यावर कडी बसत नाही. कुलूप बदलून ठेवण्याची युक्तीही त्यामुळे चालत नाही.

एका संध्याकाळी आजीच्या डोळ्यांना पदर बांधून तिला दार उघडायला लावा. मुलांना हसू येईल, येऊ द्या, मग त्यांनाही करायला लावा. दहा अंक मोजेपर्यंत दार उघडले नाही, तर कडी बदला. त्याच वेळी मुलांना सांगा, की धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत दाराकडे जायचे. बाहेर पडल्यावर कशासाठीही परत आत शिरायचे नाही, आणि १०१ किंवा ११२ वर फोन करायचा.

गोठ्यालाही हेच लागू आहे. बैल चोरीस जातात म्हणून साखळीला कुलूप घालतात. त्यापेक्षा गोठ्याच्या दाराला कुलूप घाला आणि जनावर एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा. कडब्याची गंजी गोठ्याला चिकटून नको.

पावसाळ्यात लाकूड फुगून बोल्ट अडकू लागला, तर दार रंध्याने थोडे तासून घ्या. कुलपात गोडे तेल सोडू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. शिसपेन्सिलीचे टोक तासून ती काळी पूड किल्लीला चोळा आणि किल्ली चार वेळा फिरवा.