ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघूया

आपल्या पेण-रोह्याच्या गटांचं काम आता हिशेबाच्या वहीपुरतं राहिलेलं नाही. पापडाच्या पाकिटाचं लेबल करायचं असतं, गणपतीच्या मूर्तींचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचे असतात, कुणी छोटा व्हिडिओही बनवते. जुना कॉम्प्युटर अडखळला की कुणीतरी सांगतं, "ग्राफिक्स कार्ड टाका, कॅबिनेट बदला." पैसा मात्र सगळ्याजणींच्या बचतीचा असतो. म्हणून तो काढण्याआधी काय तपासायचं, ते आज आम्ही सांगतो.

पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये तो प्रोसेसरमध्येच असतो. हिशेब, टायपिंग, साधं लेबल यांना तेवढा पुरतो. वेगळं कार्ड उपयोगी पडतं ते व्हिडिओ आणि मोठ्या डिझाइनच्या कामाला.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. नेहमीचं काम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. 'परफॉर्मन्स'वर क्लिक करा. मेमरी जवळजवळ भरलेली दिसली, तर रॅम वाढवा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवा. 'जीपीयू' भरलेला दिसला, तरच कार्डाचा विचार करा. कितीतरी वेळा रॅम आणि एसएसडीवरच काम भागतं.

कार्ड हवंच असेल, तर एसएमपीएस बघा. वीज पुरवणारा हा डबा कॅबिनेटच्या आत असतो. त्याच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर जोडावी लागते. 'जीटी १०३०' हे कार्ड सुमारे ३० वॅटवर चालतं, पण व्हिडिओ बनवून सेव्ह करण्याचं काम जलद करणारी खास सोय त्यात नाही. ती सोय 'जीटीएक्स १६५०'मध्ये आहे. त्याला ७५ वॅट लागतात आणि त्याच्या काही मॉडेलना वेगळी वायरही लागते. म्हणून फक्त किंमत बघून कार्ड निवडू नका, आपलं काम दुकानदाराला सांगा.

आता कॅबिनेट. ऑफिसमधून सेकंडहँड आलेले कॉम्प्युटर पुष्कळदा अरुंद असतात. त्यांत कमी उंचीचं, म्हणजे 'लो प्रोफाइल' कार्डच बसतं. टेपने आतली जागा मोजून घ्या. कार्ड बसत असेल आणि हवा खेळत असेल, तर कॅबिनेट बदलायची गरज नाही. बदलायचंच असेल, तर पुढे जाळी, पुढून हवा आत घेणारा पंखा आणि मागून बाहेर टाकणारा पंखा असलेलं साधं कॅबिनेट घ्या. काचा आणि रंगीत दिवे यांवर पैसे घालवू नका. काही कंपन्यांच्या तयार कॉम्प्युटरचा मदरबोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, हे आधी विचारून घ्या. स्वस्त कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसच्या भरवशावर कार्ड चालवू नका. त्यापेक्षा चांगल्या एसएमपीएसवर चार पैसे जास्त घाला.

मूर्तीच्या कारखान्यात मातीची धूळ, पापडाच्या जागी पिठाची, वर आपला दमट पावसाळा. म्हणून कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका. दोन-तीन महिन्यांनी वायर काढून मऊ ब्रशने आतली धूळ झाडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने भाग बिघडत नाहीत.

खरेदी पेण-रोह्यात करा किंवा मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. सेकंडहँड कार्ड असेल, तर दुकानातच अर्धा तास चालवून बघा. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडा. ती मदरबोर्डला राहिली, तर कार्ड घेऊनही उपयोग होत नाही.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरावात लिहा: काम कोणतं अडतं, तपासणीत काय दिसलं आणि दोन दुकानांचे दर किती. मगच सह्या करा.