एक जून

पुण्याच्या स्वारगेट स्थानकात एस. टी. येऊन उभी राहिली, की बोचकी घेतलेल्या उतारूंची दाराशी झुंबड उडते. या एस. टी.चा जन्मदिवस १ जून. १९४८ साली त्या दिवशी पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान तिची पहिली मोटार धावली. योगायोग असा, की १९३० साली त्याच तारखेस 'डेक्कन क्वीन' ही विजेवर चालणारी डौलदार आगगाडी सुरू झाली होती. मुंबई-पुणे मार्गावरील या राणीला तिसरा वर्गच नव्हता! तो १९५५ साली जोडण्यात आला. तोवर गरिबाने तिला फलाटावरूनच पाहावे. एस. टी.त मात्र शेतकरी आणि मामलेदार एकाच बाकावर बसू शकत. स्वारगेटहून ती भोरलाही जाते. तेथे आगगाडी अद्याप पोचलेली नाही.