दुकान मी सांभाळलं, मग मला जास्त वाटा का नाही?

दर बॅचमध्ये कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहितोय.

हा प्रश्न मी स्वतःही विचारलाय. बाबा गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात मला नऊ वर्षं झाली होती. शटर मी उघडायचो, गल्ला मी मोजायचो. ताई सासरी. मी काय केलं? तेराव्यानंतर लगेच तिला हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. "सही कर" म्हणालो. त्या वर्षी राखी कुरिअरने आली.

मग सीएंकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "दुकानात तुझं स्वतःचं काय आहे? कागद दाखव." मी गप्प.

कायदा काय म्हणतो?

हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकमाईत पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना समान वाटा. कोण दुकानात बसलं, कोणाचं लग्न झालं, याने वाटा बदलत नाही. नॉमिनी असलात तरी त्यामुळे मालक होत नाही. (मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांना वेगळे नियम आहेत.)

मग जास्त कधी मिळतं?

1. मृत्युपत्र: स्वकमाईची मालमत्ता वडील कुणालाही देऊ शकतात. दोन साक्षीदार हवेतच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

2. भागीदारी: वडील हयात असताना भागीदारीपत्र झालं असेल तर तुमचा हिस्सा आधीच तुमचा. वारसांत वाटला जातो तो फक्त वडिलांचा हिस्सा.

3. तुम्ही घातलेले पैसे: बँकेतून दिले असतील आणि दुकानाच्या ताळेबंदात तुमच्या नावाने कर्ज म्हणून दिसत असतील, तर ते देणं आहे. ते आधी फेडायचं, मग वाटणी.

हिशोब करून बघू

समजा माल 12 लाख, उधारी येणं 4 लाख, व्यापाऱ्यांचं देणं 3 लाख. उरले 13 लाख. तुमचं कर्ज 4 लाख कागदावर आहे. मग वाटायला 9 लाख. आई, ताई आणि तुम्ही, प्रत्येकी 3 लाख. तुमच्या हातात 3 अधिक 4, म्हणजे 7 लाख.

कागद नसेल तर? 13 लाखांचे तीन भाग, साधारण 4 लाख 33 हजार. एका नोंदीने पावणेतीन लाखांच्या आसपास फरक पडला. आणि हा काही "जास्त वाटा" नाही बरं का, तुमचेच पैसे परत आले.

दुकान हातातून जाईल का?

लगेच घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एखादा वारस धंद्यातला किंवा गाळ्यातला आपला वाटा विकायला निघाला, तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा. किमतीवर एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. ताई खुशीने हक्क सोडत असेल तर उत्तमच, पण गाळ्यासाठी हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं.

माझ्याकडे एकच पुरावा निघाला, रॅकसाठी दिलेल्या 2 लाखांची बँक एन्ट्री. तेवढं मी मागितलं. बाकी वाटे समान धरले आणि ताईचा वाटा हप्त्याने विकत घेतला. पहिला हप्ता द्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "हा हिशोब आधी दाखवला असतास, तर मी काही मागितलंच नसतं."

म्हणून, वडील हयात असतील तर याच महिन्यात तीन कामं करा. स्वतःचा पगार बँकेतून घ्या, घातलेला पैसा ताळेबंदात आणा, आणि भागीदारी किंवा मृत्युपत्राचा विषय बहिणीला समोर बसवूनच काढा. वडील गेले असतील तर त्या तारखेचा स्टॉक आणि उधारी लिहून काढा, सगळ्यांना दाखवा. सहीचं नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत!