अळी गेली कुठे?

कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली, की आपला हात आधी फवारणीकडे जातो. त्याआधी घरातल्या चार-पाच वर्षांच्या पोराला हाक मारावी. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं तपकिरी-पांढरं काहीतरी दिसेल. ते हललं, तर ती बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं हे सोंग मुलांना फार आवडतं.

अळी वाढते, कातडी वाढत नाही. म्हणून ती चारदा कात टाकते आणि शेवटी हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते.

पाठ्यपुस्तकातल्या वर्तुळात अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असतं. झाड बहुधा नसतंच. खरं तर गोष्ट तिथूनच सुरू होते. मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते आणि लिंबू, कढीपत्ता, बेल अशा एकाच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. अळीला पेरूचं पान दिलं तर ती उपाशी मरेल. मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीला हे नेमकं उमगलं होतं. 1679 साली आलेल्या तिच्या पुस्तकात अळ्या-फुलपाखरं आपापल्या झाडांवरच चितारलेली आहेत.

अळी बरणीत ठेवलीत, तर रोज त्याच झाडाची ताजी, न फवारलेली पानं आणि एक उभी काडी द्या. एके दिवशी ती खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते, सैरभैर फिरते. मुलांना वाटतं, आजारी पडली. ती जागा शोधत असते. मग काडीला रेशमाने शेपटीकडचं टोक चिकटवते, अंगाभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि शेवटची कात टाकते. आत तयार असलेली नवी कातडी म्हणजेच कोष. स्वतःभोवती रेशमी घर विणतात ते रेशीमकिड्यासारखे पतंग; हा फरक गोष्टीच्या पुस्तकांतही चुकतो.

इथे मूल विचारतं, ‘अळी मेली का?’ प्रश्न मोलाचा आहे, हसण्यावारी नेऊ नये. कोषात अळीचे बरेचसे स्नायू आणि आतडं मोडतं, पण सगळ्याचं पाणी होत नाही. पंखांच्या पेशींचे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. आता ते वाढतात. मज्जासंस्था नव्याने बांधली जाते, तरी थोडी टिकते. 2008 साली अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका पतंगाच्या अळ्यांना एका वासासोबत विजेचा सौम्य झटका दिला. मोठ्या झालेल्या अळ्यांना हे शिकवलं, तेव्हा त्यांचे पतंगही तो वास टाळू लागले. म्हणजे मुलाला निःशंक सांगता येतं: ती मेली नाही, तीच आहे.

उबदार हवेत साधारण आठवड्याभराने फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले असतात. शरीरातला द्रव शिरांत ढकलून ते ताणले जातात. या वेळी बोट लावू नये. खाली पडलेला रंगीत थेंब रक्ताचा नसतो, कोषातला टाकाऊ द्रव असतो.

कधी मात्र कोषाला बारीक भोक पडतं आणि आतून परजीवी माश्या निघतात. अशा माशीने आधीच तिथे अंडी घातलेली असतात. बागेत हे सर्रास घडतं. त्या दिवशी बरणी गुपचूप रिकामी करू नका. मुलाला ते भोक दाखवा आणि काय झालं ते सांगा.